त्यांची वही, आमचा अंगठा

(मुरुड येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय : पाळत, विचार आणि निर्मिती. विषय वजनदार आहे. मी गोदीत ओझी उचलतो, तेव्हा वजनाला मी भीत नाही. पण आधीच सांगतो, माझं शिक्षण मॅट्रिक. एखादा प्राध्यापक इथं उभा असता तर त्यानं चार फ्रेंच आणि दोन जर्मन नावं फेकली असती आणि आपण माना डोलावून घरी गेलो असतो. नावं मीही घेणार आहे. पण ज्याचं नाव घेईन त्याला आपल्या वस्तीतून एक चक्कर मारून आणीन. आपल्या गल्लीत ज्याचा विचार लंगडतो, तो पॅरिसमध्ये कितीही पळत असला तरी आपल्या कामाचा नाही.

या वर्गातला एक जण चित्रकला शिकतो. त्यानं मला विचारलं, "कुणीतरी बघतंय हे कळलं की माझी रेघ बदलती. मग ती रेघ माझी का बघणाऱ्याची?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आज आपल्या घराघरात तो बसलेला आहे. माय म्हणते, बाळा, नोकरीचं बघ, फोनवर कायबाय लिहू नको. बाप म्हणतो, मोर्चाला जा पण फोटोत येऊ नको. कविता करणारी पोरं दोन वह्या ठेवायला लागलीत, एक दाखवायची आणि एक लपवायची. ह्या भीतीला कारण आहे. ती भेकडाची भीती नाही.

कारण सांगतो. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यापुढं एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला आलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. आणि ६ जून २०१८ पासून एल्गारच्या खटल्यात आत कोण गेलं? 'विद्रोही' मासिक चालवणारा कवी सुधीर ढवळे गेला. त्याआधी २०११ मध्ये त्याला उचललं होतं, चाळीस महिने आत ठेवलं होतं आणि २०१४ मध्ये तो निर्दोष सुटला होता. या खेपेला जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडलं. २०२० मध्ये कबीर कला मंचाचे गाणारे आत गेले. आनंद तेलतुंबडे यांना हजर व्हावं लागलं तो दिवस होता १४ एप्रिल २०२०. आपण घरात दिवे लावत होतो, ते तपास यंत्रणेच्या दारात उभे होते. ते जामिनावर बाहेर आले नोव्हेंबर २०२२ मध्ये.

त्या खटल्यातल्या रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीनं केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. तो म्हणतो की ज्या पत्रांवर खटला उभा केला ती पत्रं बाहेरून, चोरवाटेनं, त्या कॉम्प्युटरमध्ये घुसवली होती. तपास यंत्रणेनं हे मान्य केलं नाही. निवाडा कोर्टाचा. पण लिहिणाऱ्या माणसानं हा अहवाल काय सांगतो ते नीट समजून घेतलं पाहिजे. पूर्वी पाळत म्हणजे तुझी वही कुणीतरी चोरून वाचणं. आता तुझ्या वहीत कुणीतरी लिहूही शकतं. वही तुझी, अक्षर दुसऱ्याचं, सजा तुला.

म्हणून मी आज डोळ्याबद्दल कमी आणि वहीबद्दल जास्त बोलणार आहे. माझं म्हणणं एकच आहे, आत्ताच सांगून टाकतो. पाळतीचा जोर बघणाऱ्याच्या डोळ्यात नसतो. तो लिहिणाऱ्याच्या वहीत असतो. बघतो कोण हे विचारू नका, लिहून कोण ठेवतो ते विचारा.

आता ते फ्रेंच नाव. मिशेल फुको नावाच्या विचारवंतानं १९७५ मध्ये पाळत आणि शिक्षा यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं जेरेमी बेंथॅम या इंग्रजाचा एक नकाशा उलगडून दाखवला. नकाशा तुरुंगाचा. गोल इमारत, कडेनं कोठड्या, मधोमध मनोरा. कोठडीला मागून खिडकी, म्हणजे कैद्याची हालचाल उजेडात स्पष्ट दिसावी. मनोऱ्यातला पहारेकरी मात्र कैद्याला दिसायचा नाही. तो आत आहे का चहा प्यायला गेला, कळायला मार्ग नाही. मग कैदी काय करतो? तो बारा महिने तेरा काळ असंच धरून चालतो की आपल्याकडं बघतायत. हळूहळू पहारेकऱ्याची गरजच उरत नाही. कैदी स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो. फुको म्हणतो, शाळा, लष्कर, दवाखाना, कारखाना, सगळीकडं हीच युक्ती आहे.

विचार खरा आहे. पण एक गोष्ट आपण कामगारांनी गाठीला बांधली पाहिजे. ही युक्ती मुळात कैद्यांसाठी सुचलीच नव्हती. जेरेमीचा भाऊ सॅम्युअल रशियात एका सरदाराच्या जहागिरीत कारखाने चालवत होता. १७८० च्या दशकात मजुरांवर नजर ठेवायला गोल इमारत बांधायची, ही कल्पना त्याची. थोरल्या भावानं ती उचलली आणि १७९१ मध्ये तुरुंगाच्या नावावर छापली. म्हणजे आधी मजूर, मग कैदी. ह्या क्रमाकडं प्राध्यापक लोक फारसं बघत नाहीत. मला तो क्रम पहिल्यांदा कळला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. आम्ही पाळीवर जाताना गेटात उभे राहतो, तेव्हा आमच्याकडं ज्या नजरेनं बघतात ती कुठून आली हे कळलं, एवढंच.

आता फुकोला आपल्या वस्तीतून फिरवून आणू. तो इथं आला असता तर त्यानं विचारलं असतं, मनोरा कुठं आहे? मनोरा नाहीच. गावात मनोऱ्याची गरज पडली नाही. कोण कुठल्या पाणवठ्यावर गेला, कुणाच्या पायात वहाण होती, कुणाच्या पोरीनं कसलं लुगडं नेसलं, कुणाच्या घरातून कसला वास आला, हे सगळं गाव फुकटात बघतं. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवाड्याची हकिगत दिलीय. तिथल्या एका अस्पृश्य माणसानं तीर्थयात्रा करून आल्यावर जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. गावचे हिंदू लाठ्या घेऊन आले, जेवण उधळलं, लोकांना झोडपलं. का? तर अस्पृश्यानं तूप कशाला खावं! आता बघा, त्या तुपाची खबर गावाला कुठल्या कॅमेऱ्यानं दिली? आपल्या महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं परराज्यातून आणलेलं गोमांस घरात सापडणं हासुद्धा गुन्हा केला होता. मुंबई हायकोर्टानं मे २०१६ मध्ये ते कलम रद्द केलं, माणसाच्या खाजगी आयुष्याचा हक्क त्यात मोडतो म्हणून. चकवाड्याच्या पानापासून आपल्या चुलीवरच्या पातेल्यापर्यंत नजर तीच. फक्त आधी ती लाठी घेऊन यायची, मग कलम घेऊन आली.

आणि ह्या गावगाड्याची खरी बदमाशी पुढं आहे. माझा पणजा येसकर होता. रात्री वेशीवर बसायचा. गावात कोण आलं, कोण गेलं, त्याच्या ध्यानात. चोरी झाली की माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जायचं काम महाराचं. पाटलाचा निरोप महारानं न्यायचा, मयताची खबर महारानं द्यायची, शिवेचं भांडण लागलं की साक्ष महाराची. म्हणजे गावाचा डोळा आमच्याच कपाळात बसवलेला होता. मग सत्ता आमच्याकडं का नव्हती? कारण डोळा आमचा होता पण दप्तर कुलकर्ण्याच्या घरात होतं. आम्ही बघायचं, त्यानं लिहायचं, पाटलानं ठरवायचं. ज्यानं रात्रभर जागून गाव राखलं त्याचं नाव त्या दप्तरात बलुत्याच्या हिशेबापुरतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महारवतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते ह्या गुलामगिरीची गाठ सोडवायला. तुकडाभर जमीन, भाकरीचे चार तुकडे आणि चोवीस तासांची चाकरी, ही गाठ.

आता जरा इथून जवळच्या वाटेनं जाऊ. लातूर तालुक्यातलं धनेगाव तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मण गायकवाड तिथले. ज्या जमातीवर उचल्या म्हणून शिक्का मारला, तिच्यात जन्मलेले. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होईल असा केला, बोटांचे ठसे घ्यायची सोय त्यात आली, १९२४ मध्ये तो पुन्हा पक्का केला. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. आतली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत राबायला जायची आणि परत तारेच्या आत यायची. पुन्हा तेच बघा, गुन्हेगार आणि मजूर एकाच वहीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. विमुक्त दिन आपण पाळतो तो त्याचा. पण वही जळाली नाही. वहीचं पुठ्ठं बदललं. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडं १९५९ मध्ये आला. जमात मोकळी झाली आणि माणसाच्या नावानं हिस्ट्रीशीट सुरू झालं.

हिस्ट्रीशीट म्हणजे इतिहासाचं पान. शब्द बघा किती भारी आहे! ज्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही, त्यांचा इतिहास पोलीस ठाण्यात लिहिला. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा माणूस होता. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला, तरी त्याचं पान उघडलं. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावायचे. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ मध्ये कोर्टानं रात्रीचं दार ठोठावणं बेकायदा ठरवलं, पण बाकीची पाळत चालू राहू दिली. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगायला २४ ऑगस्ट २०१७ यावा लागला. आणि मे २०२४ मध्येही सुप्रीम कोर्टाला राज्यांना बजावावं लागलं की गरीब, मागास, दलित-आदिवासी माणसांची अशी पानं डोळे झाकून उघडू नका. २०२४ मध्ये! म्हणजे तोवर ती उघडली जात होती.

तर अशा वहीतल्या जमातीतला एक माणूस, लातूरच्या सूतगिरणीत राबलेला, १९८७ मध्ये 'उचल्या' नावाचं पुस्तक लिहितो. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, हे सगळे सांगतात. मी वेगळं सांगतो. त्या माणसानं स्वतःचं हिस्ट्रीशीट स्वतःच्या हातानं लिहिलं. आमच्या घरात चोरी होती, उपास होता, पोलिसाची लाथ होती, सगळं लिहिलं. पोलिसाच्या पानात फक्त 'चोरी' हा शब्द असतो. त्याच्या पानात चोरीच्या आधीची भूक असते आणि नंतरची लाथही असते. ठाण्यातली वही खोटी ठरली ती कोर्टात नाही, पुस्तकात. आपल्या आत्मकथांवर नाकं मुरडणारे म्हणतात, यात कला कुठं आहे, हे तर नुसतं रडगाणं. त्यांना सांगा, ही जबानी आहे. आणि जबानी देणाऱ्यानंच ती लिहून घेतली, हे ह्या देशात पहिल्यांदा घडत होतं.

आता अंगठ्याकडं येतो. एकलव्याचा अंगठा द्रोणानं घेतला ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. सावकाराच्या कागदावर उठलेला अंगठा आपल्या आजा-पणजांनी भोगला. आपल्याला अंगठेबहाद्दर म्हणून हसले तेही आपण ऐकलं. पण सरकारच्या वहीत अंगठा कसा गेला ते ऐका. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल नावाचा गोरा अधिकारी होता. त्यानं रस्त्याला खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाईशी करार केला आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. का? तर उद्या त्यानं सही नाकारू नये, त्याला धाक बसावा. सुरुवात इथून. करार रस्त्याच्या खडीचा आणि संशय आधीच. पुढं १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं दफ्तर निघालं. ठशांची वर्गवारी करायचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी माणसांनी लावलं. पद्धतीला नाव मिळालं साहेबाचं, हेन्रीचं. येसकराचा डोळा आणि कुलकर्ण्याचं दप्तर, तोच हिशेब कलकत्त्यातही झाला.

आज माझा अंगठा घ्या. मी मुंबईत ठेकेदाराकडं गोदीत काम करतो. गेटात पास दाखवायचा, मशिनीवर बोट ठेवायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं, मग आत. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कात मनोरे पडले, त्यानंतर जगातल्या बंदरांसाठी सुरक्षेचे नियम बनले आणि १ जुलै २००४ पासून लागू झाले. तिकडं मनोरा पडला, इकडं आमच्याभोवती उभा राहिला. बरं, बोट ठेवलं तर मशीन म्हणते, ओळख पटत नाही. गोण्या आणि दोर ओढून बोटाच्या रेघाच झिजून गेल्या. ज्या कामासाठी ओळख पाहिजे त्याच कामानं ओळख खाल्ली. एकदा असंच झालं आणि ठेकेदाराच्या माणसानं अर्धा दिवस कापला. मी राबलो होतो हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मशिनीच्या वहीत नव्हतं. इथं राशनच्या दुकानात आपल्या म्हाताऱ्या आयांचं तेच होतं. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताचा अंगठा लागत नाही, म्हून धान्य नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत एका आदिवासी बाईला दिलं. वहीत पहिलं नाव आपलं घ्यायची हौस त्यांना नेहमीच असते, भाकरीच्या वेळी रांग उलटी फिरते.

नागपूर महानगरपालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कोण कुठं किती वेळ थांबला ते दप्तरात बसून दिसावं म्हणून. ज्या शहरात १९५६ मध्ये बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं त्याच शहरात झाडूवाल्याच्या हातात हे घड्याळ. ते घड्याळ कामगाराला वेळ सांगायला नाही. साहेबाच्या हातात कोण घड्याळ बांधणार? टेबलावरची फाईल किती दिवस एका जागी थांबली, त्याचा नकाशा कुठल्या भिंतीवर लावलाय? आणि २०२२ मध्ये आणखी एक कायदा झाला. अटक झालेल्याची बोटं, तळवे, पाय, डोळ्याची बुबुळं, सही, हस्ताक्षरसुद्धा घ्यायचं आणि पंचाहत्तर वर्षं जपून ठेवायचं. कवीच्या हस्ताक्षराची एवढी काळजी कुठल्या साहित्य संस्थेनं घेतली होती?

मित्रांनो, हे सगळं सांगितलं ते घाबरवायला नाही. आता चित्राकडं आणि कवितेकडं येऊ, कारण प्रश्न रेघेचा होता.

लिहिणाऱ्याच्या मागं मला तीन डोळे दिसतात. पहिला सरकारचा. तो सगळ्यांना कळतो. अण्णाभाऊंच्या तमाशावर सरकारनं बंदी आणली, तेव्हा तमाशाचं लोकनाट्य झालं. गण आटोपशीर झाला, गवळण गेली, कामगार उभा राहिला. पाळतीनं रूप बदललं, पण बदललेल्या रूपाची मालकी अण्णाभाऊंनी आपल्याकडं ठेवली. त्यांची 'फकिरा' १९५९ मध्ये आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिच्यात इंग्रजांनी मांगांच्या मागं लावलेली हजेरी आहे. हजेरीच्या वहीत ज्याची गणती दरोडेखोरात झाली, तो कादंबरीत माणसांना जगवणारा आहे. सरकारी डोळ्याला द्यायचं उत्तर असं असतं. तिकडं अमेरिकेत एफबीआयनं काळ्या लेखकांच्या फायली केल्या. जेम्स बाल्डविनची फाईल १,८८४ पानांची. बाल्डविन लिहायचा थांबला का? आज त्या फायली कोण वाचतं आणि बाल्डविन कोण वाचतं?

दुसरा डोळा प्रस्थापितांचा. हा लाठी घेऊन येत नाही, हार घेऊन येतो. तो म्हणतो, वा, काय जळजळीत लिहिता! अजून शिव्या येऊ द्या, अजून चिखल येऊ द्या. त्याला आपलं दुःख बघायचं असतं, आपला विचार नको असतो. मग पोरगं त्याला आवडेल तसा चिखल कालवायला लागतं. ही पाळतच आहे. आणि उलटीकडून, बाबूराव बागुलांची १९६३ ची 'जेव्हा मी जात चोरली होती' आठवा. नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा शिकलेला माणूस आणि त्याच्यावर रोखलेली नजर. जात चोरणारा चोर ठरतो. माणूसपण चोरणारे मात्र साव! आज कॉलेजात आपली पोरं आडनाव पुसट उच्चारतात, फोनवरचा निळा फोटो काढून टाकतात. बागुलांची गोष्ट संपलेली नाही.

तिसरा डोळा आपल्याच माणसांचा. हे बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे. कुणी वस्तीतल्या दारूवर लिहिलं, बायकांना होणाऱ्या मारावर लिहिलं, पुढाऱ्याच्या दलालीवर लिहिलं, की म्हणतात, समाजाची बदनामी करू नको, वैरी बघतोय. वैरी बघतोय म्हणून आपण आपल्याच पोरीचं तोंड दाबायचं? मग वैऱ्याचं काम आपण फुकटात केलं. चळवळीला शिस्त पाहिजे. पण चळवळीनं आपल्या कवीच्या दारात येसकर बसवला तर ती चळवळ गावगाडाच होईल.

तर, माझी रेघ माझी का बघणाऱ्याची? चित्रकार मित्रा, माझं उत्तर असं. कुणी बघत नाही अशी रेघ आपल्या वाट्याला कधी आलीच नाही. मोकळी, निवांत, फक्त सौंदर्यासाठी काढलेली रेघ हे ज्याच्या घराला दार होतं त्याचं सुख. आपली रेघ बदलणारच. प्रश्न एवढाच, की ती बघणाऱ्याच्या धाकानं वाकते का त्याच्या डोळ्यावर उलटते. नागपूरच्या सवी सावरकरांची चित्रं बघा. गळ्यातलं मडकं आणि मागं बांधलेला झाडू घेऊन अस्पृश्य त्यांच्या चित्रात उभा असतो. जी खूण आपल्या अंगावर ओळखीसाठी लादली, तीच त्यांनी बघणाऱ्याच्या तोंडासमोर धरली. आता लाज कुणाला वाटते? नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१३ चा. जब्याचं घर कैकाडी, त्याच जुन्या गुन्हेगार कायद्याच्या यादीतली जमात. सगळं गाव कठड्यावर बसून त्या घराचं डुक्कर पकडणं तमाशासारखं बघतं. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्याबाहेर, तुमच्या-माझ्या दिशेनं येतो. बघणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की आपणही कठड्यावरच बसलो होतो. रेघ उलटते म्हणजे काय, ते हे.

आता करायचं काय? नुसती घोषणा देऊन मी इथून जाणार नाही. आपली वही सुरू करा. ह्या मुरुडात, शेजारच्या गावांत, वस्तीत जे घडतं ते तारीख, वार, ठिकाणासकट लिहा. कुणाला पाण्यावरून हटकलं, कुणाची मजुरी बुडाली, कुठल्या मोर्च्यात किती बाया होत्या, कुणाचा अंगठा लागला नाही आणि कुणाचं धान्य परत गेलं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं लेखी निवेदन दिलं, बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढं साक्ष दिली. साहेबाच्या दप्तरात आपल्या हातानं आपली नोंद केली. २००५ च्या माहितीच्या अधिकारानं त्यांचं दप्तर मागता येतं, ते मागायला शिका. पण ज्याचं लिहाल त्याला विचारून लिहा, ज्याला धोका आहे त्याचं नाव झाका. आपली वही ही आपल्या माणसांवरची पाळत होता कामा नये. गरिबाचं नाव झाकायचं आणि जुलमाचं नाव उघडं ठेवायचं. त्यांच्या वहीत बरोबर उलटं असतं.

आणि दोन वह्या ठेवणाऱ्या पोरांना सांगतो. लपवायची वही ठेवा, काळ वाईट आहे, शहाणपण म्हणजे भित्रेपणा नव्हे. पण दाखवायच्या वहीत खोटं लिहू नका. लपवलेली कविता उद्या बाहेर काढता येईल. खोटी कविता मात्र एकदा तुमच्या नावावर चढली की तीच तुमची हजेरी होते. मग कुणी न बोलावता तुम्ही रोज ठाण्यात जाऊन उभे राहाल.

गोदीत बोटाच्या रेघा झिजल्यात. मशिनीला मी ओळखू येत नाही, न येवो. पण लेखणी धरायला रेघा लागत नाहीत, अंगठा लागतो. तो अजून आपल्याच हाताला आहे. द्रोणाला दिला तेवढा पुरे झाला. आता वही आपली, अक्षर आपलं आणि खाली सहीसुद्धा आपली, पूर्ण नावानिशी, आडनावासकट.

जय भीम!